मिटलेलं झाकण

घटपर्णीला नळाचं पाणी चालत नाही, खत चालत नाही, खारा वारा तर अजिबात सोसत नाही. तेव्हा उरणसारख्या ठिकाणी, जिथे आमच्या नळाला मचूळ पाणी येतं आणि खाडीपलीकडे न्हावा शेव्याच्या क्रेन माना उंच करून उभ्या असतात, तिथे चौथ्या मजल्यावरच्या बेडरूमच्या खिडकीत ती वाढवायचा हट्ट धरणं काही शहाणपणाचं नव्हतं. मी धरला. एसीच्या पाइपातून ठिबकणारं पाणी मी बाटल्यांत साठवते, कुंडीत मातीऐवजी शेवाळ आणि नारळाच्या सोडणाची भुशी घालते, समुद्राच्या बाजूची काच कायम बंद ठेवते आणि पानं ओल्या कापसाने पुसते. वनस्पतीशास्त्रात एम.एस्सी. केलेल्या माझ्या हातून त्याआधी साधा पुदिनाही जगला नव्हता, हे प्रज्योत, माझा नवरा, आल्यागेल्याला आवर्जून सांगतो.

झाड त्यानेच मागवलं होतं. तीन वर्षांपूर्वी, मला पाचवा महिना असताना, डॉक्टरांनी मला सक्तीने झोपवलं. उठायचं नाही, जिना नाही, स्वयंपाक नाही. त्या जूनमध्ये मी एका ज्युनिअर कॉलेजात रुजू होणार होते. सहा वर्षं तासिकांवर काढल्यानंतर मिळालेली ती कायमची जागा होती, आणि ती मग दुसऱ्या कोणाला तरी गेली. प्रज्योतची बंदरावरची शिफ्ट बारा तासांची. घरात मी, पंखा आणि केरळहून खोक्यातून आलेली ती तीन पानांची घटपर्णी. तिच्या पानाच्या टोकाला एक दोरा फुटतो, दोऱ्याचं टोक तान्ह्या बाळाच्या अंगठ्यासारखं फुगतं, हळूहळू त्याचा चंबू होतो आणि झाकण बंद असतानाच तो आतून स्वतःच्या पाण्याने भरतो. मग एके दिवशी झाकण उचलतं. ते एकदा उचललं की पुन्हा कधीही मिटत नाही. माशा-मुंग्या घसरून आत पडतात, चंबू सहा-आठ महिने जगतो आणि वाळून जातो.

मला डाव्या कुशीवर झोपायला सांगितलं होतं, आणि त्या कुशीवर पहिल्या चंबूचं तोंड बरोबर माझ्या तोंडासमोर यायचं. झाडांशी बोललं की ती वाढतात असं कुठेतरी वाचलं होतं. शास्त्रात ते बसत नाही हे मला ठाऊक होतं, पण बोलायला दुसरं कोणी नव्हतं. प्रज्योतला सांगता येणार नव्हतं, माझ्या आईला तर नाहीच, असं जे काही मनात होतं ते मी त्या तांबूस कडेशी ओठ नेऊन हळू आवाजात बोलत गेले. त्या चार महिन्यांत पाच चंबू आले. गेल्या मे महिन्यापर्यंत, जवळजवळ तीन वर्षं, ते पाचही तसेच होते, हिरवेगार, टणक. हौशी लोकांच्या ग्रुपवर फोटो टाकला की सगळे गुपित विचारतात. मी म्हणते, एसीचं पाणी.

मृणाली वेळेवर झाली, धडधाकट झाली. गेल्या मे महिन्यात ती पावणेतीन वर्षांची होती आणि एक शब्द बोलत नव्हती. कान उत्तम. सांगितलेलं सगळं कळतं. चप्पल आण म्हटलं की दोन्ही पायांची आणते. पण आई नाही, बाबा नाही, नुसता एखादा हुंकारही नाही. पनवेलच्या थेरपिस्ट मॅडमनी सांगितलं, प्रत्येक वस्तूचं नाव घ्या, मग गप्प बसा आणि मनात दहा मोजून वाट बघा. मी फ्रिजवर तक्ता लावला आणि ठरवलं की तिसऱ्या वाढदिवसाच्या आत ही एक तरी शब्द बोलणार. 'हे पाणी. मृणूला पाणी हवं?' एक, दोन, तीन. 'ही पोळी.' एक, दोन, तीन. माझा अख्खा दिवस त्या दहा आकड्यांत जायचा. दूध उतू गेलं तरी चूक माझीच अशी माझी पक्की खात्री असते, तेव्हा हा दोष कोणाचा याचा मी फारसा शोध घेतला नाही.

सासूबाई, सगुणाबाई, त्याच महिन्यात गावाहून राहायला आल्या. त्यांचं सगळं आयुष्य मिठागरात गेलेलं. बोलणंही तसंच, थोडं आणि चरचरीत. येताना त्यांनी देव्हाऱ्यातला शंख आणला होता. त्यात भरून ठेवलेलं पाणी उशिरा बोलणाऱ्या मुलांना पाजतात, त्यांच्या घरातली तीन पोरं त्याने बोलली होती, आणि त्यातलं एक म्हणजे प्रज्योत. मी नको म्हटलं. जंतू, पोटाचे विकार, असं बरंच काहीतरी समजावून सांगितलं.

"तुझ्या बाटल्यांतलं एसीचं पानी चालतं," त्या म्हणाल्या, "नि देवाचं न्हाय."

मी हसले. त्या हसल्या नाहीत. शंख पुसत म्हणाल्या, "दिवसभर तूच बोलतेस गो. पोरीला जागा कुठं हाय?"

तेही मी तक्त्यावर लिहून ठेवलं: स्वतः कमी बोलणे.

दोन दिवसांनी, दुपारी, मी कपडे घडी करत होते. मृणूने प्लास्टिकचं स्टूल ओढत खिडकीपाशी नेलं, त्यावर चढली आणि पहिल्या चंबूच्या तोंडाला कान लावला. हात लावला नाही. झाडाला हात लावायचा नाही हे तिला माहीत आहे. फोनवर कोणी काही सांगत असावं तशी ती ऐकत होती, मधूनच मान हलवत, आणि तिचे ओठ आवाज न करता हलत होते. मी दहा मोजले. पुन्हा दहा मोजले. ती स्टुलावरून उतरली आणि माझ्याकडे न बघता खेळायला निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी घालताना पाहिलं तर पहिल्या चंबूचं झाकण मिटलेलं होतं. कलंडलेलं नव्हतं, वाळलेलंही नव्हतं. कडेला सगळीकडून घट्ट चिकटलेलं, उघडण्याआधी असतं तसं. झोप न झालेल्या बायांना काहीबाही वाटतं, म्हणून मी फोन काढला. आदल्या सकाळचा फोटो होता. त्यात झाकण उघडं होतं. प्रज्योत म्हणाला, वाऱ्याने झालं असेल. काच बंद असते, मी म्हटलं. मग थंडीने, तो म्हणाला. मे महिन्यात.

मृणू रोज दुपारी एकेका चंबूपाशी कान लावत गेली आणि आठवड्याभरात पाचही झाकणं मिटली.

त्यानंतर ती खिडकीपासून हलेना. पहिल्या चंबूसमोर उभी राहायची, त्याच्याकडे बोट करायची, तोंड उघडायची आणि माझ्याकडे बघायची. एवढ्या वर्षांत तिने इतक्या स्पष्टपणे काहीही मागितलं नव्हतं. मी थेरपिस्ट मॅडमना फोन केला. त्या आनंदल्या, म्हणाल्या, ती जे मागेल ते लगेच द्या, बोलण्याची सुरुवात मागण्यातूनच होते. काय मागतेय ते त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. बंद चंबूतलं पाणी स्वच्छ असतं, तिकडच्या जंगलांतले वाटसरू तहान लागली की ते पितात, असं मी कधीतरी वाचलं होतं. आपल्याला हवं ते वाचलेलं आपल्याला बरोबर वेळेवर आठवतं.

मी झाकणाला नख लावलं तेव्हा सासूबाई मागे येऊन उभ्या होत्या. त्यांच्या हातात मृणूच्या बारशातला चांदीचा चमचा होता.

"व्हय," त्या म्हणाल्या, "म्हंजे तुझाबी शंखच हाय तो."

झाकण कोवळी शेंग फुटावी तसं उचकटलं. आत एकही मुंगी नव्हती. पाणी किंचित चिकट, काचेसारखं नितळ. मी चंबू तिरका केला आणि चमचाभर मृणूला दिलं. तिने ते पिऊन मनगटाने ओठ पुसले. मी मोजायला लागले. सातवर ती बोलली.

"हे बाळ राहिलं नाही तर बरं होईल."

बोबडं नाही, अडखळत नाही. आवाज तिचा होता, बारीक, कधीच न ऐकलेला. श्वास घेण्याच्या जागा माझ्या होत्या. "कोणाला काही सांगायचं नाही. आपोआप झालं म्हणायचं. मग जूनला मी रुजू होईन." मध्येच ती थांबली आणि खोकली. हे मी चंबूशी बोलले त्या आठवड्यात मला खोकला झाला होता.

सासूबाईंचा हात माझ्या खांद्यावर होता. तो त्यांनी काढला नाही, पण तो जड होत गेला. खाली रस्त्यावरून कंटेनरचा ट्रेलर गेला, खिडकीची काच थरथरली आणि थांबली.

"बोलली," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे न बघता, "प्रज्योतला सांग, बोलली. काय बोलली ते सांगू नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी शंख फडक्यात गुंडाळला आणि गावी निघून गेल्या. जाताना मृणूच्या डोक्यावरून हात फिरवला. माझ्याही.

मृणू पुन्हा गप्प झाली. पहिला चंबू दोन दिवसांत तपकिरी होऊन कागदासारखा चुरगळला. उरले चार. दुसऱ्यात काय आहे ते मला आठवतं. ते पहिल्यापेक्षा वाईट आहे. तिसऱ्यात प्रज्योतविषयी. चौथ्यातलं आठवत नाही, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटते. पाचव्यापाशी मी नुसती रडले होते. मृणू रोज दुसऱ्या चंबूकडे बोट दाखवायची आणि मी रोज मान हलवून नाही म्हणायची. पण हरणं मला जमत नाही. तिला बोलता येत होतं. तिच्याजवळ दुसरे शब्द नव्हते, एवढंच. ते मी देणार होते.

कारण झाडाला नवा दोरा फुटला होता, मृणूच्या जन्मानंतरचा पहिलाच. त्याचं टोक फुगायला लागलं त्या दिवशी मी एक कागद घेतला आणि त्यावर शब्द लिहिले: पाणी, आई, बाबा, चिऊ, ये, हवं, नको. शेवटी एक वाक्य लिहिलं. ते तीनदा खोडलं, तीनदा पुन्हा लिहिलं. ते मी सगळ्यात आधी, तीन वर्षांपूर्वीच बोलायला हवं होतं. कागद फ्रिजवर तक्त्याशेजारी लावला आणि वाट बघितली. चाळीस दिवस. एसीचा मोसम संपला तेव्हा गच्चीत पातेलं ठेवून पावसाचं पाणी धरलं. वाढदिवसाला महिना उरला होता.

काल दुपारी झाकण उचललं. बोटभर फट, आत ताजं पाणी चकाकत होतं. मी कागद आणायला स्वयंपाकघरात गेले. कुकरची शिट्टी होत होती. गॅस बंद केला, हात पुसले, कागद काढला. दोन मिनिटं गेली असतील, तीन नाही.

परत आले तेव्हा चंबूचं झाकण मिटलेलं होतं.

खाली स्टूल होतं आणि स्टुलावर मृणू होती. तिच्या ओठांना चंबूच्या कडेची तांबूस पूड लागली होती. मी त्यात अजून एक अक्षरही बोलले नव्हते. प्रज्योत शिफ्टला गेला होता, सासूबाई गावी होत्या, घरात दुसरं कोणी नव्हतं.

तिने माझ्या हातातला कागद काढून घेतला आणि खिडकीच्या कट्ट्यावर पालथा ठेवला. झाकणाला नख लावलं, मी लावलं होतं त्याच जागी. चांदीचा चमचा तिच्याजवळ होताच. चंबू तिरका करून, एक थेंबही न सांडता तिने तो भरला आणि माझ्या ओठांशी आणून धरला.

मी तोंड उघडलं. पाणी कोमट होतं, किंचित गोड. मृणूने चमचा खाली ठेवला, हाताची घडी घातली आणि माझ्या तोंडाकडे बघत, मनातल्या मनात दहा मोजत, वाट बघत उभी राहिली.