बर्फाच्या कारखान्याशेजारची भट्टी

सासऱ्यांनी थोरलीला कॉइल तपासायच्या मीटरला हात लावू दिला तो लग्नाला चार वर्षं होऊन गेल्यावर. तोवर तिने नुसत्या तारा कापल्या आणि कॉइली गुंडाळल्या. धाकटी जाऊ मात्र घरात येऊन जेमतेम महिना झाला, आणि सासऱ्यांनी तिच्या हातात मीटर ठेवला. वर म्हणाले, "हिला गणित पटकन समजतं."

झालं! थोरलीच्या पोटात जे दुखायला लागलं, ते काही थांबेना.

घराच्या पुढच्या खोलीतच त्यांचं काम चाले. इस्त्र्या, हीटर, भट्ट्या यांच्या कॉइली तिथे बनत. दोघींचे नवरे माल पोचवायला बाहेर, आत सासरे आणि दोन सुना. गिऱ्हाईक आलं की धाकटी उभ्या उभ्या हिशेब सांगायची. बेकरीवाला त्याच्या लहान भट्टीसाठी आला, तेव्हाही तेच झालं.

"दोनशे तीस व्होल्टची लाइन, भट्टी दहा अँपिअर ओढणार. भागलं की रोध तेवीस ओहम, गुणलं की तेवीसशे वॅट. बिस्किटं मस्त भाजतील."

"बघा, कशी फाडफाड बोलते!" सासरे बेकरीवाल्याला म्हणाले.

थोरली तार ताणत राहिली. हेच गणित ती करायची तेव्हा सासरे म्हणायचे, 'परत एकदा तपास.'

कॉइल बसली आणि चार-सहा दिवसांत तक्रार आली, बिस्किटं पांढरीफटक निघतात. धाकटीचा चेहरा पडला. थोरलीला आतून उकळ्या फुटत होत्या, पण तोंड तिने गंभीर ठेवलं.

"थोरले, तू जाऊन बघ," सासरे म्हणाले.

ती जवळजवळ पळतच गेली. भट्टी चालू करून मीटर लावला. व्होल्टेज दोनशे. करंट आठ पूर्णांक सात. तिने मनात भागाकार केला. तेवीस. पुन्हा केला. मेलं तेवीसच! कॉइलमध्ये तसूभर चूक नव्हती. गुणाकार केला तेव्हा सगळा उलगडा झाला, भट्टीला जेमतेम साडेसतराशे वॅट मिळत होते. भिंतीपलीकडे बर्फाचा कारखाना घरघरत होता. त्याची यंत्रं लाइन ओढून घेत होती आणि इकडे व्होल्टेज बसत होतं.

"कॉइलच चुकली ना, ताई?" बेकरीवाल्याने विचारलं.

फक्त 'नाही' एवढंच म्हणायचं होतं.

"हो," थोरली म्हणाली. "नवी आहे ना धाकटी अजून. मी देते करून."

तिने दोनशे व्होल्ट धरून कमी रोधाची कॉइल केली, साडेसतरा ओहमच्या आतली. भट्टी साडेअकरा अँपिअर ओढू लागली, तेवीसशे वॅट मिळाले, बिस्किटं बदामी झाली. सासऱ्यांनी तोंडभरून कौतुक केलं आणि मीटर परत थोरलीपुढे सरकवला.

"ताई, माझं कुठे चुकलं, सांगा ना," धाकटी म्हणाली.

"लक्ष नव्हतं तुझं."

त्यानंतर धाकटी गिऱ्हाइकापुढे बोलायचीच बंद झाली. दोन दिवस थोरलीला ते फार गोड लागलं. मग ती गप्प बसलेली दिसली की थोरलीला तिचाच राग यायला लागला.

पुढच्याच आठवड्यात बर्फाचा कारखाना दुरुस्तीसाठी बंद पडला. इकडे बेकरीवाला कोळसा झालेल्या बिस्किटांचा ट्रे घेऊन दारात उभा राहिला. त्याच्या काखेत जुनी कॉइलही होती.

"ही भाजत नव्हती, ती जाळते! तुम्ही करता तरी काय?"

सासऱ्यांनी जुनी कॉइल धाकटीकडे दिली. तिने मीटर उचलला, टोकं लावली आणि काटा बघून क्षणभर थांबली. मग तिने थोरलीकडे पाहिलं. 

"तेवीस," धाकटी शांतपणे म्हणाली. "बाबा, तेव्हा बर्फाचा कारखाना चालू होता, व्होल्टेज कमी असणार. ताईंनी त्यावरून नवी बरोबर केली होती. आता कारखाना बंद, पुन्हा दोनशे तीस झालं, त्यामुळे ती नवी कॉइल तीन हजार वॅट ओढतेय. चूक कोणाचीच नाही."

सासरे मान डोलवू लागले. थोरली सुटली होती. पण तिच्या अंगाचा तिळपापड झाला. हुशारी हिची, आणि आता मोठेपणाही हिचाच? हिच्या दयेवर आपण या घरात राहायचं?

"मला तेव्हाच माहीत होतं," ती एकदम बोलून गेली. "हिची कॉइल बरोबर होती. मी खोटं सांगितलं."

 सासरे ओरडले नाहीत. मीटर उचलून धाकटीच्या बाजूला ठेवला आणि बेकरीवाल्याला चहा पाजायला बाहेर घेऊन गेले.

खोलीत दोघीच उरल्या.

"तुम्हाला वाचवायला बोलले नाही मी," धाकटी म्हणाली.  "गिऱ्हाइकासमोर घराची शोभा नको, म्हणून. इतकी चिडलेय ना मी, की ती कॉइल तुमच्या डोक्यात घालावीशी वाटली."

थोरलीने दचकून वर पाहिलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ही पोरगी तिच्यावर भडकली होती. का कोण जाणे, थोरलीला बरं वाटलं.

"घालायची होतीस," ती म्हणाली. "आता त्याला काय द्यायचं?"

 धाकटी तिरसटपणे म्हणाली, "तेवीसचीच करा. मध्ये एक जोड काढा आणि बटण बसवा. कारखाना चालू असला की आखूड भाग वापरायचा, बंद असला की सगळी."

युक्ती चांगली होती. ती आपल्याला सुचायला हवी होती, असं थोरलीला वाटलंच, आणि ते टोचलंही. तिने तार ओढली आणि गुंडाळायला घेतली.

"जोड कुठे येईल, ते मोजून सांग," ती म्हणाली.

धाकटीने मीटर हातात घेतला. "घट्ट धरा. हलवू नका."