काकवीच्या काचा

दिल्लीतल्या सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये प्रभुण्यांकडे जेवणाचं एक देखणं टेबल होतं, आणि त्यावर जेवण सोडून बाकी सगळं होतं. कात्र्या, चिमटे, वाळत घातलेली चाकं, अर्धवट रंगवलेलं इंजिन, झाकणं हरवलेल्या रंगाच्या बाटल्या. छोट्या आगगाड्यांच्या या नादापायी शांतारामने सुरुवातीला फक्त एक कोपरा मागितला होता. भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी. बघता बघता रेल्वेने चारही कोपरे ताब्यात घेतले आणि नवरा-बायको पलंगावर बसून मांडीवर ताटं घेऊन जेवू लागली.

मीनाक्षीने हरकत घेतली नव्हती, असं म्हणण्याची कुणाची छाती नव्हती. ती रोज घ्यायची. शांताराम एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होता आणि तिथला एक रिवाज त्याच्या हाडीमाशी खिळला होता. प्रस्ताव सगळ्यांकडे फिरवायचा, मुदत द्यायची, मुदतीत कुणाची हरकत आली नाही तर संमती आहे असं धरून पुढे जायचं. घरीसुद्धा तो ‘काही हरकत?’ असं विचारून क्षणभर थांबायचा. मात्र घरात या रिवाजाचा काडीचा उपयोग नव्हता, कारण मीनाक्षीची हरकत नाही असा प्रस्ताव अजून जन्माला यायचा होता.

यंदा दिवाळीला तिची धाकटी बहीण संपदा साताऱ्याहून नवऱ्यासह यायची होती. संपदाच्या घरी पाहुण्यांसाठी काचेचं टेबल, टेबलावर विणलेली जाळी आणि जाळीवर फुलदाणी.

“तिला काय मांडीवर ताट देऊ?” मीनाक्षीने कंबरेवर हात ठेवून विचारलं. “हे सगळं माळ्यावर जाऊ दे. आजच.”

शांताराम काकुळतीला आला. “नोएडात आमच्या क्लबचं प्रदर्शन आहे गं पुढच्या रविवारी. एवढा डबा होऊ दे. बक्षीस मिळालं तर टेबल माझं. नाही मिळालं तर मी स्वतःच्या हाताने आवरतो, बिल्कुल तक्रार नाही. काही हरकत?”

“बक्षीस म्हणजे उत्तेजनार्थ चालणार नाही,” मीनाक्षी म्हणाली. करार झाला.

डबा एसीचा होता, वीतभर लांबीचा. लग्नानंतर दोघं पुण्याहून दिल्लीला आली ती अशाच डब्यातून. त्या प्रवासाची आठवण मीनाक्षीच्या मनात काट्यासारखी रुतून होती. डब्याच्या काचा चहाच्या रंगाच्या. आतून बाहेरचं दिसत होतं, बाहेरून आतलं काही म्हणजे काही दिसत नव्हतं. तिची आई प्लॅटफॉर्मवर उभी राहून भलत्याच खिडकीकडे बघून हात हलवत होती. मीनाक्षी काचेवर थापा मारत राहिली, आईने वळून पाहिलं नाही, गाडी सुटली. पुढे आई जन्मभर सगळ्यांना सांगत राहिली, “आमची मीना सासरी निघाली ना, तर एकदासुद्धा हात हलवला नाही हो!” कितीदा सांगूनही तिला ते पटलं नाही, आणि न पटताच ती दोन वर्षांपूर्वी गेली. मीनाक्षी ही गोष्ट सांगायची तेव्हा शांताराम चाकं घासत असायचा. तो ऐकतच नाही, याबद्दल तिची खात्री होती.

आता त्याचं सगळं घोडं त्या काचांपाशीच अडलं होतं. पारदर्शक प्लास्टिकच्या इवल्याशा खिडक्यांना चहाचा रंग द्यायचा, पण आतलं दिसत राहिलं पाहिजे. पेनाची शाई लावली, तिचे ओघळ आले. काचेवर चित्रं काढायचा रंग लावला, तर खिडक्या न्हाणीघराच्या झाल्या. मीनाक्षीच्या नेलपॉलिशने प्लास्टिकच सुरकुतलं आणि त्यावरून घरात वेगळं महाभारत झालं. करोल बागेतून गाड्यांना लावायची काळी फिल्म आणली, तर डबा एखाद्या आमदाराचा वाटायला लागला.

“एवढा काय अट्टहास आहे?” मीनाक्षी म्हणाली. “एसी डब्याच्या आतलं बाहेरून दिसतच नाही. मला विचारा.”

“या डब्यात दिसलं पाहिजे,” शांताराम म्हणाला आणि डब्यावर वर्तमानपत्र झाकलं.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी सकाळी तो पलंगावर बसून घावन खात होता. ताटात संपदाने साताऱ्याहून पाठवलेली काकवी होती. खाता खाता त्याचा हात थांबला. त्याने ताट तिरकं केलं. काकवी ओघळली, स्टीलवर पातळ पापुद्रा उरला. सोनेरी, तपकिरी, आरपार. ताटावर कोरलेलं मीनाक्षीच्या आईचं नाव त्यातून लख्ख वाचता येत होतं.

शांताराम उठला. मीनाक्षी स्वयंपाकघराच्या दारात आली तेव्हा तो काकवीत गरम पाण्याचे थेंब घालून बारीक ब्रशने खिडक्यांना आतल्या बाजूने लावत होता. तिच्या जिभेच्या टोकावर वाक्य तयार होतं: अहो, मुंग्या लागतील. चौथीतल्या पोराला कळेल अशी गोष्ट. त्यांच्या या जुनाट क्वार्टरमध्ये साखरेचा एक दाणा सांडला तर मुंग्यांची वरात निघायची, आणि तिच्यापुढे हळदीची रेघ ओढता ओढता मीनाक्षीची अर्धी हळद संपायची.

पण तिला मोकळं झालेलं टेबल दिसलं. टेबलावर विणलेली जाळी दिसली, जाळीवर फुलदाणी दिसली. संपदाचं तोंड तर अगदीच स्पष्ट दिसलं. तिने मूग गिळले. शांतारामने एकदा मान वर करून तिच्याकडे पाहिलं, क्षणभर थांबला, आणि पुन्हा खाली मान घालून कामाला लागला. त्या दिवशी हळदीची बरणी जागची हलली नाही.

रविवारी नोएडाच्या त्या हॉलमध्ये विमानं, रणगाडे आणि जहाजं मांडून गंभीर चेहऱ्याचे पुरुष उभे होते, आणि त्यांच्यामागे त्याहून गंभीर चेहऱ्याच्या बायका. शांतारामने खोका उघडला, डबा एका छोट्या प्लॅटफॉर्मवर ठेवला. उजेड पडला आणि काचा अशा काही खुलल्या की शेजारचा रणगाडेवाला उठून आला.

“वाह, प्रभुणेजी! ये टिंट कहाँ से मँगवाया?”

“सातारा से,” शांताराम ऐटीत म्हणाला.

मीनाक्षीने तो डबा अजून एकदाही नीट पाहिला नव्हता. टेबलावर बहिष्कार घातल्यावर त्यावरच्या मालाकडे बघायचं कशाला? आता करायला दुसरं काही नव्हतं म्हणून ती वाकली. चहाच्या रंगाच्या काचेआड, खिडकीपाशी, बोटाच्या पेराएवढी एक बाई बसली होती. हिरवी साडी. एक हात काचेला टेकलेला. बाहेर प्लॅटफॉर्मवर पांढऱ्या केसांची दुसरी बाई उभी होती. तिचा हात वर होता, आणि ती अगदी त्याच खिडकीकडे बघत होती.

मीनाक्षीने नाक काचेला जवळजवळ टेकवलं. हा माणूस ऐकत होता तर! इतकी वर्षं चाकं घासत होता आणि ऐकत होता. तिला रडू येत होतं आणि स्वतःचा संतापही येत होता, आणि दोन्हींपैकी आधी काय करावं हे ठरायच्या आत हिरव्या साडीवरून एक मुंगी चालत गेली.

मग दुसरी गेली. मग डब्याच्या दारातून रीतसर रांग आत आली. वरच्या बर्थवर काही चढल्या, काही खिडक्यांना चिकटल्या. दोघीतिघींनी टीसीला घेरलं.

“मम्मी, देखो, पैसेंजर चल रहे हैं!” एक मुलगी ओरडली, आणि गुळाला मुंगळे लागावेत तशी माणसं टेबलाभोवती जमली. त्यातून वाट काढत परीक्षक आले, भिंग घेऊन. शांताराम पुतळ्यासारखा उभा होता.

मीनाक्षी पुढे झाली. तिने पदर ओला केला, डब्याचं छत उचललं आणि फुंकर मारून, पुसून, चिमटीत धरून मुंग्यांवर तुटून पडली. “अहो, बघत काय राहिलात? ते वरचे बर्थ तुम्ही घ्या!” आईसमोरची खिडकी तिने सगळ्यांत आधी पुसली. मुंग्या गेल्या, आणि त्यांच्याबरोबर काकवीही गेली. ती एक काच कोरी, स्वच्छ राहिली.

परीक्षकांनी भिंग लावलं. “काम अच्छा है. लेकिन इस खिड़की में टिंट नहीं है. एसी कोच में ऐसा नहीं होता.”

“होना चाहिए था,” मीनाक्षी इतक्या जोरात म्हणाली की परीक्षक दोन पावलं मागे सरले. बक्षीस रणगाड्याला मिळालं.

परतताना मयूर विहारला मेट्रो बदलली, बसायला जागा मिळाली. शांतारामच्या मांडीवर खोका होता. त्याच्या कडेने एक चुकार मुंगी फिरत होती.

“मी घरी गेल्यावर टेबल आवरतो,” तो म्हणाला. “करार म्हणजे करार.”

मीनाक्षीला राहवलं नाही. “अहो, तुम्ही काकवी लावत होतात ना, तेव्हा मी दारातच होते. मुंग्या लागणार हे मला कळत होतं. मुद्दाम बोलले नाही.”

“तू दारात होतीस, ते मला माहीत आहे.”

“माहीत आहे? मग?”

“मग काय? मलाही शंका आली होती. म्हणून तुझ्याकडे पाहून थांबलो.” त्याच्या आवाजात राग नव्हता, नुसतं नवल होतं. “लग्नाला एवढी वर्षं झाली. माझं चुकतंय आणि तू गप्प बसलीस, असं एकदा तरी झालंय का? तू काही बोलली नाहीस, म्हटल्यावर मी बिनधास्त लावली.”

आजवर मीनाक्षीची प्रत्येक हरकत त्याने एका कानाने ऐकून दुसऱ्या कानाने सोडून दिली असं ती समजत आली होती. समोरच्या काचेत दोघांची प्रतिबिंबं शेजारी शेजारी हलत होती. तिने पदराने डोळे टिपले, तर पदर काकवीने चिकट झालेला. गालाला गूळ लागला.

बरीच स्टेशनं गेली. शांतारामने खोका थोडा सावरला, घसा खाकरला.

“मी काय म्हणतो, ती एक काच कोरीच ठेवू या. आणि दिवाळीपुरता हा डबा टेबलाच्या एका कोपऱ्यावर असू दे. फक्त एक कोपरा. बाकी तीन तुझे आणि संपदाचे. सरोजिनी नगर येईपर्यंत विचार कर.” तो थांबला. “काही हरकत?”

एका कोपऱ्याचं पुढे काय होतं, हे मीनाक्षीइतकं अख्ख्या दिल्लीत कुणाला ठाऊक नव्हतं. तिने त्याच्या मांडीवरच्या खोक्यावर हात ठेवला, आणि सरोजिनी नगर येईपर्यंत ती एक अक्षरही बोलली नाही.