एकशे सत्त्याऐंशी कोरे दिवस

हिरवे ठिपके तिने तिसऱ्यांदा मोजले. पेन्सिलीचं बोथट टोक एकेका ठिपक्यावर टेकवत, ओठ न हलवता. तिसऱ्यांदाही शहाण्णवच भरले.

समोरच्या खुर्चीत खांब बसला होता. बसला म्हणजे खुर्चीत जेवढा मावला तेवढा. उजवा पाय टेबलाखालून सरळ तिच्या बाजूला आला होता. तो फुटबॉल संघाचा बचावपटू. बारा वर्षांपूर्वी क्लबात आला तेव्हा कोणीतरी त्याला खांब म्हणालं आणि तेच नाव राहिलं. आता पस्तिशीला आला होता.

"पोरीनं स्वतःहून दिलंय," तो कॅलेंडरकडे बोट दाखवून म्हणाला. "मी घरी असलो की सकाळी उठल्या उठल्या ठिपका देते. कर खात्याला याच्यापेक्षा मोठा पुरावा कोणता हवा? सही करा, ताई. चार वाजता हिशेबसाहेब खात्याला पाकीट पाठवणार आहेत."

त्याने ते ठिपके कधी मोजले नव्हते, हे तिच्या लक्षात आलं. कॅलेंडर राहू दे, सराव झाल्यावर ये, एवढंच ती म्हणाली. तो उठला. उठताना त्याने दोन्ही हात टेबलावर टेकले, हेही तिच्या लक्षात आलं.

क्लबात तिचं काम दिवस मोजण्याचं होतं. खेळाडूंना पगार मिळे तो दिवसांवर, आणि ज्या ज्या गावात ते खेळत त्या त्या गावाचं कर खातं आपापल्या दिवसांचा वाटा मागे. म्हणून बावीस वर्षं ती एक मोठी वही भरत होती. प्रत्येक खेळाडूची एक ओळ, वर्षाच्या प्रत्येक दिवसाचा एक चौकोन. सामना असेल तर एक खूण, सराव असेल तर दुसरी, प्रवासाची तिसरी, पुढे गावाचं आद्याक्षर. सुट्टीच्या दिवशी चौकोन कोरा. कोरा म्हणजे घरी. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता. तिच्या आधीच्या कारकुनाने तो तिला पहिल्या दिवशी तोंडी सांगितला होता आणि तिने तो तसाच घेतला होता.

पगारांच्या आकड्यांचं तिला वैषम्य नव्हतं, कुतूहल होतं. एकदा तिने हिशेब केला: तिच्या वर्षभराच्या पगाराइतके पैसे खांब साडेतीन दिवसांत मिळवत होता, त्यात झोपेचे तासही धरलेले. नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे तो झोपेतही कमावतो. तू झोपेत नुसती दात खातेस, तेही फुकट."

पण त्या मोठ्या आकड्यालाही झाकण होतं. संघातल्या सगळ्यांचा पगार मिळून अमुक रकमेच्या वर जाता कामा नये, अशी स्पर्धा भरवणाऱ्यांनी मर्यादा घालून दिली होती. श्रीमंत क्लबांनी सगळे चांगले खेळाडू उचलून नेऊ नयेत म्हणून. अंथरूण तेवढंच, पाय सव्वीस जणांचे. एकाने पसरले की दुसऱ्याचे उघडे पडत. पाच वर्षांपूर्वी खांबने पगारवाढ मागितली तेव्हा अंथरुणात जागा नव्हती. मग क्लबाच्या हिशेबसाहेबांनी एक युक्ती सुचवली. विमानाने दोन तासांवर समुद्राकाठचं एक गाव होतं, तिथे उत्पन्नावर कर नव्हता. वर्षातले निदान एकशे त्र्याऐंशी दिवस तिथे राहणाऱ्याला इथेही फार थोडा कर भरावा लागे. तिथे घर घ्या, बायकोमुलीला तिथे ठेवा, सुट्टी तिथे काढा. क्लबाचा एक पैसा जास्त जाणार नाही आणि तुमच्या हातात मात्र वाढ पडेल. खांबने घर घेतलं. मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती.

यंदा कर खात्याला शंका आली होती. दिवसांचा दाखला हवा, दिवस मोजणाऱ्याच्या सहीने, आणि जोडीला घरातला एखादा पुरावा. वहीप्रमाणे कामाचे दिवस एकशे अठ्ठ्याहत्तर, कोरे एकशे सत्त्याऐंशी. चार दिवसांनी का होईना, खांब पार होत होता.

आणि कॅलेंडरवर शहाण्णव.

तिने वही आणि कॅलेंडर शेजारी ठेवलं आणि तारखांमागून तारखा लावत गेली. आधी वाटलं, मुलगी विसरली असेल. अकरा वर्षांची पोर, रोज काय लक्षात ठेवणार. पण ठिपके फार नेमके होते. मुलगी आजारी असल्याचं आईने एका आठवड्यावर लिहिलं होतं. त्या आठवड्यातही दोन ठिपके होते, जरा वाकडे. विसरणाऱ्या माणसाच्या नोंदी अशा नसतात. कामाच्या दिवशी एकही ठिपका नव्हता. उलट कोऱ्या दिवसांपैकी एक्क्याण्णव दिवशी ठिपका नव्हता.

शिकत असताना प्रयोगशाळेतल्या बाई एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत: नोंद नाही म्हणजे शून्य नव्हे, नोंद नाही म्हणजे फक्त माहीत नाही. हे तिला पाठ होतं. आणि बावीस वर्षं तिने माहीत नसलेल्या दिवसांना घरी पाठवलं होतं. एकट्या खांबच्या नव्हे, सगळ्यांच्या. तिने चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता.

साहेब मधे डोकावून गेले. दाखला झाला का, म्हणाले. तिने ठिपक्यांचं सांगितलं तर ते हसले. दाखला वहीवरून द्यायचा असतो, पोरांच्या चित्रकलेवरून नाही; कॅलेंडर पाकिटात घालूच नका, विजेची बिलं पुरेत. ते म्हणत होते त्यात खोटं काही नव्हतं. वहीत एकशे सत्त्याऐंशीच होते. ती फक्त म्हणाली, चार वाजायला अजून वेळ आहे.

मग इतके दिवस हा होता कुठे?

दुसरी बाई कुठे आहे का, हा विचार तिच्याही मनात येऊन गेला. पण एक्क्याण्णव दिवसांतले बरेचसे सामन्यानंतरचे दुसरे दिवस होते. लपून भेटणारं माणूस इतकं वेळापत्रक पाळत नाही. सामन्यानंतरच्या दुसऱ्या दिवशी अंगात काय उरतं, हा प्रश्न तिने स्वतःला विचारला आणि ती उठली. काखेत कळसा म्हणतात तसं झालं होतं. उत्तर त्याच बोळात, तिच्यापासून तिसऱ्या दारात होतं.

तिथे खेळाडूंच्या अंगावर उपचार करणारे एक गृहस्थ बसत. सगळे त्यांना बर्फवाले म्हणत. खोलीत दोन खाटा, एक मोठं शीतकपाट आणि ओल्या टॉवेलांचा वास. सुट्टीच्या दिवशी इथे कोणी येतं का, असं तिने विचारलं. कोणी नाही, ते म्हणाले, आणि टॉवेलाची घडी पुन्हा घालू लागले. तिने कॅलेंडर खाटेवर उघडून ठेवलं.

बर्फवाल्यांनी ते बराच वेळ पाहिलं. "त्याच्या पोरीचं?" त्यांनी विचारलं. तिने मान हलवली. तेव्हा त्यांनी खालच्या खणातून एक लहान वही काढली, खाटेवर ठेवली आणि खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

"मी दाखवलं नाही, ताई. तुम्ही पाहिलं."

वहीत तारखा होत्या आणि प्रत्येक तारखेपुढे सेंटिमीटर. उजव्या गुडघ्याचा घेर, बर्फाआधी आणि बर्फानंतर. मोसमाच्या सुरुवातीला एकोणचाळीस. मधे एक्केचाळीस. शेवटी शेवटी बर्फानंतरही त्रेचाळीसच्या खाली उतरलेला नव्हता. इतक्या काटेकोर नोंदी तिने क्लबात दुसऱ्या कोणाच्या पाहिल्या नव्हत्या, आणि एक क्षण तिला नुसतं बरं वाटलं. मग तिने त्यातल्या सुट्टीच्या, ठिपका नसलेल्या तारखा मोजल्या. अठ्ठ्याऐंशी.

बर्फवाले खिडकीकडेच बघत सांगत होते. गुडघा दीड वर्षापासून गेलाय. साहेबांना कळलं तर पुढच्या करारात पहिलं नाव याचंच कापतील. एवढा पगार आणि एवढा गुडघा एका अंथरुणात मावत नाही. म्हणून क्लबाला सांगायचं घरी गेलो, आणि घरी सांगायचं क्लबात काम आहे. "पोरीला बोलावून घे इकडे, म्हटलं होतं मी. म्हणाला, मग ती बघेल मी जिना कसा चढतो ते."

लहान वही घेऊन ती आपल्या खोलीत परतली तेव्हा अडीच वाजले होते. एक्क्याण्णवातून अठ्ठ्याऐंशी गेले, तीन उरले. तीन दिवस तो ना इथे होता, ना तिथे. ते तीन तिला अठ्ठ्याऐंशींपेक्षा जास्त टोचत राहिले.

खांब आंघोळ करून आला. केस ओले होते. तिने त्याला बसायला सांगितलं, दोन्ही वह्या आणि कॅलेंडर त्याच्याकडे वळवलं आणि आकडे सांगितले, कसलाही शेरा न मारता. तो ऐकत राहिला. शहाण्णव म्हटल्यावर त्याने तिच्याकडे पाहिलं, जणू तिने बेरीज चुकवली होती.

"मला वाटलं, दीडशे तरी असतील," तो म्हणाला. मग स्वतःच बोट लावून तो मोजायला लागला. सप्टेंबरपर्यंत जाऊन त्याने बोट उचललं.

एकशे सत्त्याऐंशीवर मी सही करणार नाही, असं तिने सांगितलं. चूक तुझी एकट्याची नाही. मीही न विचारता कोरे चौकोन मोजत आले. मग तिने सोपा रस्ता सांगितला. अर्ज मागे घे. इथला पूर्ण कर भर. महाग पडेल, पण दाखलाच लागणार नाही. बर्फवाल्यांची वही खणात परत जाईल आणि गुडघ्याचं कोणाला कळणार नाही.

बाहेर मैदानावर गवताला पाणी मारणारं यंत्र फिरत होतं, त्याचा एकसारखा आवाज येत होता.

"उपचाराचे दिवस तुमच्या वहीत लिहिले तर काय होईल?" त्याने विचारलं.

"लिहिलं तर ते कामाचे दिवस धरले जातील. क्लबाच्या आवारात, क्लबाच्या माणसाकडून उपचार. कर तर भरावा लागेलच, वर साहेब वाचतील."

"आणि नाही लिहिलं तर मी घरी होतो."

"वहीप्रमाणे, हो."

"पण ती म्हणते नव्हतो." त्याने कॅलेंडरवर तळवा ठेवला. "तिला वाटत असेल, मला यायचंच नव्हतं. ताई, कर भरतो मी, अर्ज मागे घेतो. पण लिहा तुम्ही. कुठेतरी लिहिलेलं असू दे, मी कुठे होतो ते."

तिने त्याला विचारलं, परिणाम कळतोय ना. तो म्हणाला, दीड वर्ष कळतोच आहे. मग तिने उपचाराची एक नवी खूण ठरवली आणि एकेक तारीख वाचत अठ्ठ्याऐंशी चौकोन भरले. तो तारखा ऐकत होता. मधेच एखादीला म्हणे, हो, त्या दिवशी तिचा वाढदिवस होता. शेवटी तिने विचारलंच.

"आणि हे तीन?"

त्याने तारखा पाहिल्या. आठवायला त्याला वेळ लागला नाही. "त्या तीन दिवशी गेलो होतो. पोचलो तेव्हा ती झोपलेली. पहाटेच्या विमानानं परत, दहाला सराव. तिला कळलंच नाही." तो थोडा हसला. "खात्याच्या नियमानं चालतं ना हे? रात्री तिथे झोपलो की झालं."

"चालतं. नव्याण्णव होतात."

त्याने टेबलावरच्या पेल्यातून एक हिरवं पेन उचललं. टोपण काढलं. "मग हे तीन देऊ का इथे?"

ठिपक्याचा रंग जवळपास तोच होता. कोणाला कळलंही नसतं.

"दुसऱ्याच्या वहीत आपण लिहीत नाही रे," ती म्हणाली. "तिला सांग. द्यायचे असतील तर ती देईल."

त्याने टोपण लावलं. अठ्ठ्याऐंशी तारखांच्या पानाची एक प्रत मागून घेतली, कॅलेंडरात घातली आणि दोन्ही हात टेबलावर टेकून उठला. या वेळी ते लपवायचा त्याने प्रयत्न केला नाही. चार वाजता साहेबांचा माणूस पाकीट न्यायला आला तेव्हा पाकीट नव्हतं.

आठवडाभरात साहेबांनी वही मागवली आणि दोन दिवस ठेवून घेतली. तेव्हापासून ते तिच्या नमस्काराला नुसती मान हलवू लागले. मोसम संपताना खांबचा करार संपला, तो पुन्हा झाला नाही. त्याच्या पगाराच्या जागेत दोन तरुण मुलं बसली आणि मर्यादेखाली थोडी रक्कम उरलीही.

नव्या वहीत तिने सगळ्यांच्या ओळी आखल्या. सुट्टीचे चौकोन आता ती कोरे सोडत नव्हती. प्रत्येकाला विचारत होती, कुठे होतास, आणि पोरं ओशाळं हसून सांगत होती. कोणी खोटं सांगतंय असं वाटलं तर ती पेन्सिलीने लिही.

हिशेबखात्यात नव्याने लागलेली मुलगी एकदा वही तपासायला आली. तिचं बोट एका ओळीवर थांबलं. डावीकडे नाव, पुढे बारा महिने एकही खूण नाही.

"ही ओळ चुकून आखली गेली का, मॅडम? हे तर आता संघात नाहीत."

तिने चष्म्यावरून पाहिलं. पान पांढरं होतं, रेघा सरळ होत्या.

"चुकून नाही," ती म्हणाली. "तो घरी आहे."