मागच्या उजव्या दाराचे शुद्धिपत्र

‘एकदम कडक कंडिशन, सिंगल ओनर, फॅमिली यूज. घ्या आणि पळवा!’ भाचीने लिहिलेली जाहिरात मी मोठ्याने वाचून दाखवली आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

‘इस्त्री कडक असते. गाडी कडक असेल, तर आधी तिचे सस्पेन्शन दाखवून आणावे लागेल.’

‘मामा, लोक एवढंच वाचतात.’

‘त्यांना एवढंच लिहून मिळतं म्हणून.’

‘आई, बघ ना! मामा आठवडाभर वर्णनच लिहीत बसेल, आणि तिकडे मशीन जाईल दुसऱ्याच्या घरी.’

ताईने शिवणयंत्रावरून मान वर केली नाही. ‘लिहू दे त्याला. रविवारी संध्याकाळपर्यंत गाडी विकली गेली पाहिजे, एवढंच मला कळतं. बाकी तुमचं तुम्ही भांडा.’

मशीन म्हणजे सहा सुयांचे भरतकामाचे यंत्र. बंद होत आलेल्या एका कारखान्याच्या मालकाने ते ताईसाठी रविवारी रात्री आठपर्यंत राखून ठेवले होते. सोमवारी सकाळी दुसरे गिऱ्हाईक ट्रक घेऊन येणार होते. दोन शाळांच्या गणवेशांवर बोधचिन्हे भरून देण्याचे काम ताईने पत्करले होते आणि ते हाताने उरकण्यासारखे नव्हते. भाऊजींना जाऊन दीड वर्ष झाले होते. त्यांची गाडी अंगणात उभी होती, ती चालवणारे घरात कोणी नव्हते, आणि तिचे किमान दोन लाख दहा हजार आले तरच ते यंत्र ताईच्या खोलीत येणार होते.

मी छापखान्यात तीस वर्षे मुद्रिते तपासली आहेत. त्याच सवयीने दोन दिवस गाडी तपासली. बेचाळीस छायाचित्रे काढली आणि प्रत्येक ओरखड्याशेजारी मोजपट्टी ठेवली. चारही टायरांच्या खाचांची खोली मिलिमीटरमध्ये दिली. एसीला थंड व्हायला सात मिनिटे लागतात, चालकाच्या बाजूची काच उतरताना कुरकुरते, तिसऱ्या गिअरवरून दुसऱ्यावर येताना दांडा किंचित अडतो, हे सारे लिहिले. भाऊजींनी पहिल्या सर्व्हिसिंगपासून वायपरच्या पात्यापर्यंतची सगळी बिले तारखेने लावून ठेवली होती. ती फाइल पुढ्यात घेऊनच मी शेवटचे वाक्य लिहिले : ‘या गाडीच्या कोणत्याही भागावर पुन्हा रंग दिलेला नाही.’

हे वर्णन मी जुन्या गाड्यांचे लिलाव करणाऱ्या एका संकेतस्थळावर चढवले. लिलाव सात दिवसांचा होता आणि रविवारी संध्याकाळी पाचला संपणार होता. पहिले दोन दिवस त्या पानाकडे कोणी फिरकले नाही. मग प्रश्न येऊ लागले, प्रश्नांमागून बोली आल्या, आणि शनिवारी नऊ जणांच्या चढाओढीत आकडा दोन लाख चौतीस हजारांवर गेला. भाचीने फोन करून प्रांजळपणे कबूल केले, ‘मामा, जिरली माझी. तू जिंकलास.’

रविवारी दुपारी, नव्या मालकाच्या हाती गाडी स्वच्छ जावी म्हणून मी ती धुवायला घेतली. मागच्या उजव्या दाराच्या कडेची रबरी पट्टी पुसताना बोटांना खरखर लागली. वाकून पाहिले, तर काळ्या रबरावर राखाडी रंगाचे सुईच्या टोकाएवढे कण होते. कारखान्यात दाराला आधी रंग लागतो आणि रबर मागाहून बसते. रबर बसल्यानंतर हे दार कोणीतरी रंगवलेले होते.

मी ताईला हाक मारली. तिने पट्टीकडे पाहिले आणि मग माझ्याकडे.

‘दिसलं का तुला,’ ती म्हणाली.

‘म्हणजे तुला माहीत होतं?’

‘मीच ठोकलं होतं. गाडी नवी होती, हे कामावर होते. म्हटलं, गुपचूप शिकून घेऊ. रिव्हर्स घेतली ती थेट फाटकाच्या खांबावर. ह्यांनी दोन दिवसांत दार रंगवून आणलं. सासूबाईंना पत्ता लागू दिला नाही, पोरीलाही नाही.’

‘बिल?’

‘फाडलं. म्हणाले, फाइलमध्ये राहिलं तर कधीतरी कोणीतरी वाचेल.’

भाऊजींच्या काटेकोरपणावर मी डोळे मिटून विश्वास ठेवला होता. त्या काटेकोरपणात त्यांनी बायकोपुरती एक फट ठेवली असेल, असे मला कधी वाटले नव्हते.

‘मग मी वर्णन वाचून दाखवलं, तेव्हा का नाही बोललीस?’

‘चार पानं वाचत होतास, शहाण्या. तिसऱ्या पानावर माझा डोळा लागला.’

एव्हाना भाची फोन हातात घेऊन बाहेर आली होती आणि तिने सगळे ऐकले होते. ‘बिल नाही, साक्षीदार नाही, दार छान दिसतंय. तीन तासांत लिलाव संपतोय. मामा, हात जोडते, गप्प बस.’

‘ते वाक्य खोटं आहे.’

‘वाक्य खोटं असू दे. गाडी तर खरी आहे ना!’

‘नऊ जणांनी वाक्य वाचून बोली लावली आहे. गाडी कोणी पाहिलेली नाही.’

‘आणि आईचं मशीन?’

वाद मला प्रिय आहे, हे मी नाकारत नाही. परंतु पणाला लागलेले यंत्र माझे नव्हते, आणि दुसऱ्याच्या नुकसानीवर तत्त्वनिष्ठ होणे फार स्वस्त असते. मी ताईकडे पाहिले.

‘वाक्य तुझं असेल, दार माझं आहे,’ ओले हात पुसत ती म्हणाली. ‘लिही. मी ठोकलं, असंच लिही. उगाच “किरकोळ धक्का” वगैरे नको.’

पुस्तकात चूक राहिली की शुद्धिपत्र पहिल्या पानाच्या आधी चिकटवायचे, अशी आमच्या छापखान्याची रीत. मी तेच केले. वर्णनाच्या माथ्यावर ठळक अक्षरांत ‘शुद्धिपत्र’ असा मथळा दिला, चुकलेले वाक्य जसेच्या तसे उद्धृत केले, त्याखाली खरे वाक्य लिहिले आणि रबरी पट्टीचे छायाचित्र जोडले. वर्णन बदलले की बोली लावणाऱ्या प्रत्येकाला सूचना जाते आणि त्याला बोली मागे घेता येते, असा त्या संकेतस्थळाचा नियम होता. वीस मिनिटांत सहा जण गेले. आकडा एक लाख अठ्ठ्याऐंशी हजारांवर आला.

‘झालं,’ भाची म्हणाली. ‘पुस्तकात चिकटवतात, मामा. दुकानात चिकटवलं की गिऱ्हाईक पळतं.’

‘तिघे थांबलेत. ते आता पक्के.’

‘तिघांच्या पक्केपणात मशीन येत नाही.’

एवढ्यात पानावर नवा प्रश्न उमटला : ‘खांब लोखंडी की सिमेंटचा? आत्ता येऊन गाडी बघता येईल का?’ विचारणाऱ्या बाई ड्रायव्हिंग स्कूल चालवत होत्या. त्यांनी तोवर एकदाही बोली लावलेली नव्हती.

चारला त्या आल्या. नमस्कार वगैरे बाजूला ठेवून त्यांनी पिशवीतून रंगाची जाडी मोजणारे छोटे यंत्र काढले आणि ते पत्र्याला टेकवत गाडीभोवती फिरू लागल्या. ‘एकशे दहा. एकशे पंधरा. एकशे आठ.’ मागच्या उजव्या दारापाशी त्या थबकल्या. ‘दोनशे साठ. हं. पुट्टी फारशी नाही. चांगल्या हाताचं काम आहे. ठोकलं कोणी?’

‘मी,’ ताई म्हणाली.

‘किती दिवस शिकत होतात?’

‘पहिलाच दिवस. शिकवायला कोणी नव्हतं.’

‘मग खांबाचं नशीब थोर. माझ्याकडे शिकवूनसुद्धा खांब पडतात.’ त्या माझ्याकडे वळल्या. ‘वर्णन तुमचं का? चार दिवस वाचतेय. इतक्या वर्षांत गाडीला कुठेच रंग नाही, हे काही पटेना. म्हटलं, हा माणूस बारीकसारीक सगळं खरं लिहून एकच मोठी थाप मारतोय.’

माझे कान तापले. ‘थाप नव्हती. चूक होती.’

‘ते दुपारी कळलं, म्हणून तर आले.’ त्यांनी यंत्र पिशवीत टाकले. ‘लिलाव बंद करा. दोन लाख दहा आत्ता देते.’

भाचीने माझा दंड घट्ट धरला. मी तोंड उघडले होते, पण त्याआधी ताईच बोलली. ‘अजून तिघं आहेत. दाराचं वाचूनही ते थांबलेत. त्यांना कसं डावलू? काय ते त्यांच्यासमोर बोला.’

‘आणि त्यांच्यासमोर मी दोन लाखांतच थांबले तर?’

‘तर थांबलात. मग माझं मशीन गेलं.’

बाईंनी तिच्याकडे जरा रोखून पाहिले. ‘तुम्ही बहीणभाऊ आहात, हे वेगळं सांगायला नको,’ असे म्हणून त्या पायरीवर बसल्या आणि त्यांनी स्वतःचा फोन काढला.

दोन लाख. तिघांपैकी एकाने दोन लाख पाच केले. बाईंनी दोन लाख बारा केले, तेव्हा भाची माझा दंड सोडून अंगणात येरझारा घालू लागली. पाचला दोन मिनिटे कमी असताना दुपारी पळालेल्या सहांपैकी एक जण परत आला आणि दोन लाख सोळा म्हणाला. बाई स्वतःशीच पुटपुटल्या, ‘आलास का, भित्र्या,’ आणि त्यांनी दोन लाख एकोणीस हजारांचे बटण दाबले. पाच वाजले. पान करडे झाले.

‘पंधरा हजारांचं शुद्धिपत्र, मामा,’ भाची म्हणाली. तिचा आवाज मात्र भांडणाऱ्या माणसाचा नव्हता.

‘छपाईसह,’ मी म्हणालो.

बाईंनी पैसे पाठवले, ताईने ते आल्याची खात्री केली आणि लगेच कारखान्याच्या मालकाला फोन लावला. फोन तिने टेबलावर ठेवला होता, त्यामुळे पलीकडचा आवाज आम्हा सर्वांना ऐकू येत होता.

‘मशीन मी घेतेय. तासाभरात निघते. पण आधी मला सांगा, त्यात काय काय बिघडलेलं आहे?’

‘बिघडलेलं? छे हो! फुलासारखं मशीन आहे.’

‘असं कसं? दहा वर्षं चाललंय ते. निवांत बसा, आठवा. माझा भाऊ इथे कागद घेऊन बसलाय.’

मी खरोखरच कागद पुढे ओढला होता. पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि मालक खाकरून म्हणाला, ‘चौथ्या सुईचा धागा तुटतो कधी कधी.’

‘लिही रे,’ ताई म्हणाली. ‘हं, पुढे?’