विरोधी बाजू

द्वारका मूळची लातूरजवळच्या औशाकडची. वडील भोसरीच्या एका वर्कशॉपात लागले, तेव्हा तिला चिंचवडच्या शाळेत नववीत घातलं. पहिल्याच आठवड्यात ती वर्गात म्हणाली, "बाई, खडूचा धुरळा डोळ्यात जाऊलालाय." अरुंधती सबनीस म्हणजे एका कारखान्याच्या मॅनेजरची मुलगी, शाळेच्या वादविवाद संघाची म्होरकी. तिनं ते वाक्य हेल काढून पुन्हा म्हणून दाखवलं. वर्ग खो खो हसला. त्या दिवसापासून द्वारकाची 'लालाबाई' झाली.

द्वारका रडली नाही. रेडिओवरच्या बातम्या ऐकून ऐकून तिनं आपली भाषा घासून घेतली आणि दहावीत संघात नाव दिलं. संघाची तयारी करून घेणारे मधुसूदन सर खूश झाले. स्पर्धेत प्रत्येक शाळेची दोघं असत. एक विषयाच्या बाजूनं, दुसरा विरोधात. बक्षिसाची ढाल दोघांच्या मिळून गुणांवर. विषय होता, 'कारखान्यांनी गावांचं भलं केलं'. अरुंधती बाजूनं, द्वारका विरोधात.

सरावात द्वारका रोज हरायची. अडखळायची, मुद्दे अर्धवट सोडायची. अरुंधतीचा शब्दन् शब्द मात्र टिपून घ्यायची.

"तू नुसती उभी राहा गं," अरुंधती म्हणायची, "ढाल मी आणते."

स्पर्धेत अरुंधती झोकात बोलली. मग द्वारका उठली. अरुंधतीचं एकेक वाक्य तिनं अरुंधतीच्याच आवाजात, तश्शीच मान वेळावून म्हटलं आणि लगेच उभं चिरलं. सभागृह हसून लोटपोट झालं. उत्तराची पाळी आली तेव्हा अरुंधती माइकपाशी गेली, पण सभागृहातलं हसू थांबेना. ती तशीच खाली बसली.

वैयक्तिक पहिलं बक्षीस द्वारकाला मिळालं. ढाल दुसऱ्या शाळेनं नेली.

"आपल्याच जोडीदारिणीला पाडलंस?" सर कडाडले.

"मी विरोधी बाजूची होते, सर."

"उद्यापासून संघात येऊ नकोस."

"नाहीच येणार. माझं काम झालं."

बाहेर बसस्टॉपवर अरुंधतीनं तिला गाठलं. "सरावात मुद्दाम हरत होतीस?"

"हो."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

अरुंधतीचे डोळे भरून आले. भोसरीची बस आली, कंडक्टरनं घंटी दिली, तरी द्वारका हलली नाही. ते पाणी गालावर ओघळेपर्यंत तिनं डोळे भरून पाहून घेतलं. बस गेली तर गेली.