तिसऱ्या लेनखालची आत्या

शाळेच्या तलावाला सहा लेन आहेत. तिसऱ्या लेनच्या खोल टोकाला, तळाशी, चार दिवस आमची आत्या पडून होती. पोहणाऱ्या मुली तिच्यावरून सकाळी साठ फेऱ्या मारत आणि संध्याकाळी चाळीस. तक्रार कोणीच केली नाही. फक्त पोहण्याच्या मॅडम मला येऊन म्हणाल्या, "तुमचं काहीतरी माझ्या लेनखाली राहिलंय."

मी म्हटलं, "राहिलेलं नाही, ठेवलंय."

त्या शिट्टी वाजवायला निघून गेल्या.

आत्या म्हणजे पाण्याखाली चालणारं यंत्र. तीन मुलांनी मिळून बनवलेलं. सांगाडा पाण्याच्या प्लास्टिक पाइपचा, तीन छोट्या मोटरी, पुढे वस्तू पकडायला चिमटा, चिमट्यामागे कॅमेरा, आणि पोहायला शिकणारी लहान मुलं धरतात त्या फोमच्या पाट्यांचे तुकडे वरून बांधलेले. मागच्या बाजूने निघालेली लांब वायर काठावरच्या खोक्याला जोडलेली, आणि खोक्यावर सहा बटणं. आत्या हे नाव त्या तिघांतल्या वकिलाने ठेवलं. त्याची खरी आत्या दोन दिवसांसाठी म्हणून येते आणि एकदा बसली की उठत नाही. यंत्राचंही तेच होतं.

वकील नववीत आहे. टेबल टेनिस खेळतो, आणि हरला की नियमांचं पुस्तक मागतो, म्हणून वकील. दुसरा वायरमन. तो लांब पल्ल्याचा धावपटू आहे आणि सगळं जोडकाम त्याच्याकडे. मैदानाच्या वीस फेऱ्या मारून तसाच धापा टाकत कार्यशाळेत येतो, त्यामुळे त्याच्या पहिल्या दोन जोडण्या नेहमी वाकड्या असतात, तिसरीपासून सरळ. आणि तिसरी शेपूट. चौघींच्या रिले शर्यतीत ती शेवटी पोहते. पोहण्याच्या मॅडम तिची आई. तलावावर ती आईला मॅडम म्हणते, फाटकाबाहेर पडलं की आई.

मी चाळीस वर्षं पाण्याचे पंप दुरुस्त केले. आता आठवड्यातून चार दिवस शाळेच्या कार्यशाळेत बसतो. मुलं काय करतात ते बघतो, आणि बोट कापायची वेळ आली तरच मध्ये पडतो.

अशा यंत्रांची शाळांमधली स्पर्धा एका शनिवारी होती. तिला सतरा दिवस उरले होते तेव्हा मी वकिलाची वही चाळायला घेतली. प्रत्येक चाचणीची नोंद त्यात होती. तारीख, किती वेळ चालली, काय बिघडलं, आणि शेवटचा रकाना 'कोणी काढली'. त्या रकान्यात एक्केचाळीस वेळा शेपूट असं लिहिलेलं होतं.

मी विचारलं, "ही आपणहून वर कधी येते?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. वायरमन म्हणाला की वर येण्याचं बटण आहे. मी म्हटलं बटण मला दिसतंय, मी आत्याचं विचारतोय. वकिलाने वही उलटसुलट केली आणि प्रामाणिकपणे सांगितलं की अजून तसा प्रसंग आलेला नाही.

गंमत अशी की ही चूक दुसऱ्या कोणत्याही शाळेतल्या मुलांनी केली नसती. त्यांचं यंत्र पहिल्याच दिवशी तळाला चिकटलं असतं आणि ती बिचारी डोकं धरून बसली असती. आमच्याकडे जिल्ह्यात दुसरी आलेली पोहणारी मुलगी होती. आत्या बसली की शेपूट उडी मारायची, नऊ सेकंदांत तिला काखेत मारून वर यायची, आणि काम पुढे चालू. एक्केचाळीस वेळा. यंत्र अधूच राहिलं आणि कोणाला पत्ताही नाही.

वकिलाने नियमांचं पुस्तक काढलं. पान सहा. स्पर्धेत कोणीही पाण्यात उतरायचं नाही. वायर ओढून यंत्र वर काढायचं नाही. यातला दुसरा नियम आम्हाला लागूच नव्हता. आम्ही एकदा ओढून पाहिलं होतं, तेव्हा वायर आली होती, आत्या आली नव्हती.

मग मी एवढंच ठरवलं की आजपासून आत्याला माणसाने काढायचं नाही. ती येईल तेव्हा येईल.

त्याच संध्याकाळी ती तिसऱ्या लेनखाली जाऊन बसली. वायर गुंडाळून काठाच्या खांबाला बांधली आणि मुलं घरी गेली. दुसऱ्या दिवशी वायरमनने बटण दाबून दाबून अंगठा सुजवून घेतला. वर जायची मोटर मागच्या बाजूला होती. ती सुरू झाली की आत्याची मागची बाजू उठायची, आणि चिमट्याचं वजन असलेलं नाक तळाला टेकलेलं राहायचं. आत्या शीर्षासन करायची आणि थकून पुन्हा आडवी व्हायची. तिसऱ्या दिवशी वकिलाने तलाव रिकामा करता येईल का अशी चौकशी केली. ती चौकशी मॅडमकडे करू नकोस असं मी त्याला सांगितलं.

 एरवी शेपूट काठावर पालथी पडून गणित सोडवते, तिची वही नेहमी फुगलेली असते, आणि गणिताच्या सरांनी तिची उत्तरं वाळल्यावरच तपासायची असं ठरवलंय. तिसऱ्या दिवशी ती वही मिटून नुसतीच बसली होती.

मी शेजारी जाऊन बसलो. पंपाच्या माणसाला गुडघे दुमडायला वेळ लागतो, तोवर तिने बोलायचं ठरवलं असावं.

"आजोबा, ती आपणहून यायला लागली तर मी काय करू?"

 स्पर्धेच्या दिवशी टेबलावर दोघांनाच बसायला मिळणार होतं. एक बटणं चालवणारा आणि एक त्याला सांगणारा. चालवणारा वायरमन, हे ठरलेलं. दुसरी खुर्ची अजून रिकामी होती. रविवारी सकाळी शेपटीची रिले होती, आणि आईने घरी स्पष्ट सांगितलं होतं की टेबलावर बसणार असशील तर शनिवारचा सराव माफ, नुसत्या टाळ्या वाजवायला जायचं असेल तर तलावावर ये. म्हणजे खुर्ची मिळाली तर ती आमच्यातली, नाही तर शनिवारी ती तिसऱ्या लेनमध्ये.

"तू तिला काढायचीस तेव्हा कुठून धरायचीस?" मी विचारलं.

"नाकाखालून. मागून धरली तर हलत नाही ती."

"हे त्या दोघांना माहीत आहे?"

"त्यांनी विचारलं नाही," ती म्हणाली आणि वही उघडली.

चौथ्या दिवशी संध्याकाळच्या सरावात तिने चाळीसपैकी बावीस फेऱ्या मारल्या आणि थांबली. मॅडमची शिट्टी वाजली. ती पाण्यातूनच काठाला आली. तिथे वायरमन सुजलेल्या अंगठ्याऐवजी तर्जनीने बटण दाबत होता.

ती म्हणाली, "वर नको दाबूस. खाली दाब."

"खालीच आहे ती."

"मागची बाजू उचलल्यासारखी झाली की लगेच खाली दाब. मग पुढे. मी तळाला गेले की आधी गुडघ्यात वाकते, मग वर येते. तिला तुम्ही वाकूच देत नाही."

वायरमनने माझ्याकडे पाहिलं. मी तलावाकडे पाहिलं. त्याने वर दाबलं, मागची बाजू उठली. खाली दाबलं, मागची बाजू जोरात खाली आली आणि त्या झोक्याने नाक तळापासून वीतभर सुटलं. त्याने पुढे दाबलं. आत्या तिरकी होऊन, एखाद्या जाड माणसाने जिना चढावा तशी, डुलत डुलत वर आली आणि पृष्ठभागावर येऊन दिव्याकडे तोंड करून थांबली. नाकाला तळातलं एक केसाचं रबर अडकलं होतं.

 वकिलाने वही उघडून शेवटच्या रकान्यात काय लिहायचं असं विचारलं. ठरेना म्हणून त्याने तो कोरा ठेवला. शेपटीच्या उरलेल्या अठरा फेऱ्या होत्या, ती त्या मारायला गेली.

त्यानंतर दुरुस्ती सोपी होती. आत्या नीट बुडावी म्हणून त्यांनी नाकात नटबोल्ट भरले होते, ते काढले. मागचा थोडा फोम पुढे बांधला. मी बादलीत एक बाटली ठेवली आणि त्यात खडे घालायला लावले. एवढे खडे की ती बुडणार नाही आणि तरंगणारही नाही, सोडाल तिथे उभी राहील. त्यांना तीन दिवस लागले. वायरमनने खडे मोजले, वकिलाने बाटलीच्या झाकणाबद्दल हरकत घेतली, शेपूट सराव आणि शिकवणी यांच्या मधल्या पंधरा मिनिटांत येऊन एक खडा काढून जायची. बहुतेक वेळा तोच जास्तीचा असायचा.

आत्या आता सांगितल्यावर खाली जायची आणि सांगितल्यावर वर यायची. कोणाला उडी मारायची गरज उरली नाही. दुसऱ्या खुर्चीचं त्या दोघांनी आपसात ठरवून टाकलं. वकील बसेल, त्याला नियम पाठ आहेत. हे शेपटीला सांगितलं तेव्हा ती बरं म्हणाली. घरी जाऊन तिने आईला सांगितलं की शनिवारी ती सरावाला येईल. हे मला मॅडमनी सांगितलं, आणि सांगताना त्या खूश दिसल्या नाहीत.

मी मध्ये पडलो नाही. बोट कापत नव्हतं. तरी त्या आठवड्यात मला कार्यशाळेत नीट चहा गेला नाही.

गुरुवारी शेवटची चाचणी होती. स्पर्धेत तळावरच्या तीन लोखंडी कड्या उचलून वर आणायच्या होत्या, वेळ दहा मिनिटं. आम्ही कड्या पहिल्यांदाच लावत होतो. शाळेच्या लोहारकामाच्या सरांना त्या बनवायला वेळच गुरुवारी सकाळी मिळाला. कॅमेऱ्याचं चित्र बघून चालवायचं, पाण्याकडे बघायचं नाही, म्हणून वायरमन आणि वकील तलावाकडे पाठ करून बसले. आत्या गेली, पहिली कडी चिमट्यात धरली, आणि कडीच्या वजनाने नाकावर पडली. पुन्हा शीर्षासन.

वकील बोलायला लागला. डावीकडे, थोडं डावीकडे, नियमानुसार आपल्याला एकदा थांबून घेता येतं, थांबूया का, नको, उजवीकडे. वायरमन वर दाबत होता. चार मिनिटं गेली. तिसऱ्या लेनमध्ये शेपूट पाठीवर पोहत येत होती. ती आत्याच्या वर आली, थांबली, डोकं बाहेर काढलं.

"खाली दाब, मग पुढे," ती म्हणाली आणि वळून परत पोहायला लागली.

आत्या कडी घेऊन वर आली.

 वकिलाने नियमांचं पुस्तक उघडलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं की सांगणाऱ्या सदस्याला यंत्राची पूर्ण माहिती असावी. तो म्हणाला, "मला नियमांची आहे." नंतर उठला आणि तिसऱ्या लेनच्या टोकाला जाऊन उभा राहिला. शेपूट येईपर्यंत तो तिथेच उभा होता, आणि ती आल्यावर वाकून काहीतरी बोलला. मला ऐकू आलं नाही. शेपूट काठ धरून पाण्यात तशीच राहिली. मॅडमनी शिट्टी तोंडाशी नेली आणि वाजवली नाही.

शनिवारी अकरा शाळा होत्या. मोठा तलाव, टेबलापुढे पडदा, पडद्यापलीकडे पाणी. वायरमनने धावायचे बूट घालून बसायचा हट्ट धरला, त्याला त्यातच सुचतं. शेपूट त्याच्या शेजारी, दोन्ही हात मांडीखाली दाबून. तिला कोणी तसं सांगितलं नव्हतं.

पहिली कडी आली. दुसरी आली. तिसरी कडी दोन पाइपांच्या मध्ये होती. आत्याने ती धरली आणि पाइपांत नाक खुपसून बसली. चित्रात नुसती पांढरी फरशी. वायरमनने वर दाबलं. खाली दाबून पुढे दाबलं. आत्या पाइपावर आपटली आणि तिथेच राहिली. दोन मिनिटं उरली होती. शेपटीची टाच जमिनीवरून उचललेली होती, उडी मारण्याआधी असते तशी. शनिवारचा सराव दुसऱ्यांवर सोपवून आलेल्या मॅडम माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्यांनाही ती टाच दिसली असावी, कारण त्यांचा हात गळ्यातल्या शिट्टीकडे गेला.

शेपटीने डोळे मिटले. मांडीखालून एक हात काढला आणि टेबलावर, हवेतच, काहीतरी पकडून बाहेर काढल्यासारखं केलं. मग ती हळू आवाजात म्हणाली, "पुढे जागा नाहीये. खाली दाब, मग मागे ये. अडकली की मी तिला मागेच ओढायचे."

खाली. मागे. चित्रातली फरशी सरकली, एक पाइप दिसला, मग दुसरा, मग निळं पाणी. पाणी दिसल्यावर तिने फक्त "वर" म्हटलं. कडी काठाला लागली तेव्हा घड्याळात अकरा सेकंद होते.

आम्ही पाचवे आलो. पहिल्या चार शाळांच्या यंत्रांना चार-चार मोटरी होत्या, आणि वकिलाने त्याविरुद्ध अर्ज करायचा की नाही यावर परतीच्या बसमध्ये बराच विचार केला. वायरमन बूट न काढता झोपला. शेपूट वकिलाची वही मांडीवर घेऊन बसली होती. त्या चौथ्या दिवसाचा 'कोणी काढली' हा रकाना कोरा होता, आजचाही. तिने दोन्ही ठिकाणी पेन्सिलने आत्या असं लिहिलं आणि वही परत केली. वकिलाने ते वाचलं, पेन काढलं आणि त्यावर गिरवलं.

शाळेच्या फाटकाबाहेर, आमच्या बसच्या आधी पोचलेली आई तिला घ्यायला थांबली होती. रविवारी सकाळी सहाला तलावावर, असं ती म्हणाली.

"हो मॅडम," शेपूट म्हणाली.

"आपण फाटकाबाहेर आहोत."

"हो आई. पाच मिनिटं थांब, गणित बसमध्येच राहिलंय."