कालीबाईची बोली

टाचणी गंजलेली होती. जंगलखात्यात तीस वर्षं जसे कागद अडकवले तशीच आबांनी ही दोन पत्रंही एकाच टाचणीत अडकवून ठेवली होती, आणि घाटाच्या तिसऱ्या वळणावर दम खायला बसलेला नवलसिंग ती सोडवायला गेला तेव्हा टाचणीचा तांबूस डाग कलकत्त्याच्या पत्रावर उमटला. पुण्याच्या पत्रावरही. त्यानं अंगठ्यानं पुसून पाहिलं, डाग पसरला.

वाचायची गरज नव्हतीच. कलकत्त्याचं पत्र टंकलेलं, चार ओळींचं – एम.ए.ला प्रवेश, विषय पाली, वसतिगृहात जागा, दरमहा चाळीस रुपये शिष्यवृत्ती, दोन वर्षं. पुण्याचं पत्र हातानं लिहिलेलं, प्राध्यापकांच्या बारीक तिरक्या अक्षरात. ‘डोंगरातल्या बोलीचं व्याकरण लिहिण्याची तुमची कल्पना मला फार मोलाची वाटते. माझ्या हाताखाली अवश्य या. मात्र या वर्षी शिष्यवृत्ती एकही उरलेली नाही. स्वतःची सोय करावी लागेल.’

स्वतःची सोय... बी.ए.ची चार वर्षं त्यानं पुण्यात स्वतःची सोय करूनच काढली होती. सकाळी दोन शिकवण्या, संध्याकाळी दोन, एक वेळ जेवण. आणि शेवटच्या वर्षी, ग्रंथालयात उंच कपाटातलं पुस्तक काढताना डोळ्यांपुढं काळोख आला आणि तो शिडीवरून खाली आला तो हनुवटी फोडून घेऊनच. ती खूण अजून होती. विचार करताना त्याचं बोट आपोआप तिथं जाई.

“पैसा त्या देतस, ऱ्हावाले खोली देतस. मंग इचार कसाना?” काल शहाद्याला आबा म्हणाले होते. “पुणं काय नि कलकत्ता काय – गाडीमा बठनं का सारखंच.” उत्तर उद्याच्या टपालानं जायलाच हवं होतं. आणि तरी नवलसिंग म्हणाला, मी तोरणमाळला जाऊन येतो. कशाला, असं आबांनी विचारलं नाही. रानीपूरकडं निघालेल्या एका लाकडाच्या गाडीत त्यांनी त्याला स्वतः बसवून दिलं.

तो पुन्हा चढू लागला. मे महिन्याचं ऊन खालच्या दरीत पांढरं होऊन पडलं होतं. पण जसजसं वर जावं तसतसा वारा हलका होत होता, आणि सालईच्या सोललेल्या बुंध्यांचा तो वास... हा वास पुण्यात एकदाही आला नव्हता, आणि तरी चार वर्षं तो जणू नाकाच्या मागं कुठंतरी बसून होता. त्याच्या लहानपणी आबा वरच्या चौकीवर गार्ड होते. आई गेली तेव्हा नवल दीड वर्षाचा होता. चौकीला पाणी भरणाऱ्या कालीबाईनं त्याला उचललं आणि आपल्या रेवजीच्या बरोबरीनं वाढवलं. एका ताटलीत दोघं, एका गोधडीत दोघं. सात वर्षांचा होईतो त्याला दुसरी भाषाच नव्हती. मग आबांची बदली झाली, शहाद्याची शाळा आली. तिथं पहिल्याच दिवशी मास्तरांनी नाव विचारलं आणि त्यानं कालीबाईच्या बोलीत सांगितलं तेव्हा सगळा वर्ग हसला. मास्तरांनी छडी हातावर मारली, जोरात नव्हे. पण बोली गेली. कधी गेली ते कळलंच नाही. एखादा दात पडावा तशी गेली.

आणि मग पुण्यात, शेवटच्या बाकावर, एका दुपारी... प्राध्यापक कुठल्याशा जुन्या अहवालातून डोंगरी बोलीच्या चार ओळी वाचून दाखवत होते. उच्चार चुकत होते. मुलं पेंगत होती. त्या चार ओळींतली एक नवलसिंगला ठाऊक होती. ती उन्हात खेळणाऱ्या पोराला घरात बोलावण्याची ओळ होती.

व्याकरण लिहायचं ते यासाठी. हे त्यानं प्राध्यापकांना सांगितलं नव्हतं.

पठारावर तळ्याच्या अलीकडं कालीबाईची झोपडी होती तिथंच होती. एवढी लहान होती का ही? दारात एक म्हातारी दगडावर चारोळ्या फोडत बसली होती. ठक् – टरफल एकीकडं, दाणा एकीकडं. तिनं मान वर केली, डोळ्यांवर हात धरला. त्याचा कोट दिसला असावा.

“कोन साहेब शेतस? कोठेन उनात?”

बाजारातली अहिराणी. व्यापाऱ्याशी बोलायची, फॉरेस्टवाल्याशी बोलायची.

“मी नवल. करणसिंग गार्डना.”

तिचा दगड हातातच राहिला. “नवल्या? मन्हा नवल्या?” ती उठली, जवळ आली, आणि राठ बोटांनी त्याचं कपाळ, नाक, हनुवटीवरची ती खूण चाचपत राहिली. “कितला मोठा व्हयना तू!” मग एकाएकी ती मागं सरली, पदर सावरला. “बठा ना. पानी देऊ?”

बठा. ‘तू’चं ‘तुम्ही’ एका श्वासात झालं होतं. तो बसला. पाणी प्याला. बारा मैल चालून मी हिच्याकडं काय मागायला आलोय?

“तू तुन्ही बोलीमा बोल ना मन्हासंगे,” तो म्हणाला.

ती हसली, तोंडावर हात ठेवून. “ती आम्हनी बोली. तुम्हले कसी समजाई? तुम्ही आते शिकेल मानूस.”

त्यानं पुन्हा विनवलं. ती लाजली, मान हलवत राहिली – पाहुण्याला शिळी भाकर वाढायला कुणी लाजावं तशी. एवढ्यात शेळी चारोळ्यांत घुसली आणि कालीबाई वळून तिच्यावर ओरडली. एक लांबलचक, वेलीसारखं वळलेलं वाक्य. त्यात राग होता, लाड होता, शेळीच्या आईचा उद्धार होता – आणि नवलसिंगला त्यातले तीन शब्द कळले. तीनच. बाकीचे त्याच्या अगदी जवळून, अंगाला घासून निघून गेले. त्याला शेळीचा हेवा वाटला. खरोखरच वाटला.

मग त्यानं तिला सांगितलं. दोन गावं आहेत. एक जवळ, तिथं राहिलो तर सुट्टीत इथं येत जाईन, तुझ्याजवळ बसेन, तुझी बोली लिहून घेईन, पण तिथं पोटाला मिळणार नाही. दुसरं लांब, दोन वर्षं येता यायचं नाही. पण तिथं ते पोसणार आहेत. बोलताना त्याचा आवाज लहान होत गेला हे त्याला कळत होतं. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं. इतकं सोपं कोडं हा शिकलेला माणूस एवढ्या लांबून घेऊन आला याचं तिला नवल वाटत असावं.

“जठे पोटले भेटी, तठे जावानं,” ती म्हणाली. “मन्हा रेवजी नही का गया? गुजरातमा गया. तीन वरीस व्हयनात.”

“कधी यी तो?”

“येवाना व्हई तव्हय यी.” तिनं दगड उचलला. ठक्. काही वेळ ती फोडत राहिली, आणि तिच्या त्या वाकलेल्या पाठीकडं पाहताना त्याला कळलं की ती रेवजीची वाट पाहत बसलेली नाही. वाट पाहणं तिनं सोडून दिलं नव्हतं. ते तिनं घरातल्या कामांत मिसळून टाकलं होतं. आणि त्याच कामात आता त्यालाही मिसळून टाकणार होती. राहा, असं ती म्हणणार नव्हती. तेवढंच ऐकायला तर तो आला होता.

निघताना तिनं चारोळ्यांची एक पुरचुंडी त्याच्या खिशात कोंबली, कोट मळेल म्हणून हात आधी लुगड्याला पुसून.

उतरताना ऊन कललं होतं. पाय आपोआप पडत होते. डोक्यात पत्रं नव्हती, पुणं नव्हतं, कलकत्ता नव्हतं... नुसता तो शेळीवर ओरडलेला आवाज होता, आणि त्याच्या मागं धावणारा, दमणारा तो. दोन्ही शहरं त्या आवाजापासून सारखीच लांब होती की काय?

सातपायरीच्या वळणावर खालून पाचसहा माणसं चढत आली. डोक्यावर मिठाची, धान्याची गाठोडी. बाजार करून परतलेली. पुढची बाई धापा टाकत थांबली आणि सवयीनं, तो कोण हे न पाहता, तिनं काहीतरी विचारलं. नवलसिंगनं दोन शब्दांत उत्तर दिलं आणि दोन पावलं पुढं गेला.

मागं हसू फुटलं. सगळीच हसत होती – वाईट नव्हे. बाई तर गाठोडं सावरत, वळूनवळून त्याच्याकडं पाहत होती, असं पाहत होती की जणू एवढा कोटवाला बाप्या रांगत आला असावा. तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. तिनं तिच्या बोलीत विचारलं होतं. त्यानं तिच्या बोलीत सांगितलं होतं – सात वर्षांच्या पोराच्या, तिथंच थांबलेल्या, बोबड्या बोलीत.

काय विचारलं होतं? मी काय सांगितलं?

कानशिलं तापली होती. तो वळणावर उभा राहिला, जीभ दातांमागं फिरवत, ते दोन शब्द पुन्हा सापडतात का बघत. सापडत नव्हते. पण ते होते. आत्ताच तोंडातून गेले होते, ओठ अजून त्यांच्या आकारात होते. हसण्याचा आवाज वरच्या वळणावर गेला, त्याच्याही वरच्या... आणि नवलसिंग मान वर करून ऐकत राहिला – कुणीतरी मागं वळावं, पुन्हा काहीतरी विचारावं, आणि पुन्हा हसावं म्हणून.